उतरलेला कोट

लंडनच्या त्या नाटकात गॉर्डन लीथमला फक्त चार वाक्यं होती. पहिल्या अंकात, "गुलाबांना यंदा कीड लागलीय, साहेब." दुसऱ्या अंकात, "पाऊस येणारसं दिसतंय" आणि "बाईसाहेब मागच्या दाराने गेल्या." तिसऱ्या अंकात घर विकून निघालेला मालक अंगातला जुना कोट उतरवतो, माळ्याच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, "घे, मला आता होत नाही." तेव्हा माळ्याने टोपी काढून म्हणायचं, "मोठी मेहेरबानी, साहेब." एवढं झालं की माळी सुटला. आठवड्याला आठ प्रयोग, म्हणजे आठ वेळा मेहेरबानी. मालकाचं काम सर ॲड्रियन व्हेल करत होता आणि लोक तिकिटं काढत होते ती त्याच्या नावावर.

खरं तर गॉर्डनला घेतलं होतं ते माळ्यासाठी नव्हे. तो ॲड्रियनचा बदली नट होता. ॲड्रियन पडला, झडला, आजारी झाला तर मालक म्हणून उभं राहायचं. अख्खी भूमिका त्याला पाठ होती. क्रॉयडनहून येताना बसमध्ये तो ती ओठांतल्या ओठांत म्हणायचा आणि शेजारची बाई पर्स जवळ घ्यायची. पण सात महिन्यांत ॲड्रियन एकदाही शिंकला नव्हता. गॉर्डन रोज त्याच्या तब्येतीची चौकशी करी. त्या चौकशीत माया किती आणि आशा किती, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

आता अकरा दिवसांनी नाटक बंद होणार होतं. गॉर्डन सहासष्ट वर्षांचा होता. यानंतर कुणी मोठं काम देईल अशी वेडी आशा त्याला उरली नव्हती. मरण्यापूर्वी एकदा, एकच दुपार का होईना, नाटक आपल्या खांद्यावर उचलून पाहायचं, एवढंच त्याला हवं होतं.

तसं पाहिलं तर तो अनोळखी माणूस नव्हता. पोलीस ठाण्याच्या एका टीव्ही मालिकेत अकरा वर्षं तो सार्जंट पॉट्स होता. टेबलामागे बसायचं, समोर आणलेल्या चोराकडे चष्म्यावरून बघायचं आणि म्हणायचं, "नाव, पत्ता, आणि खरं काय ते." मालिका संपून सोळा वर्षं झाली तरी खाटीक त्याला मटण देताना नाव, पत्ता विचारून हसायचा. त्या टेबलाने घराचं कर्ज फेडलं आणि नट संपवला. पुढे ज्या ज्या दिग्दर्शकाकडे गेला, तो म्हणाला, "उत्तम वाचलंस गॉर्डन, पण लोकांना पॉट्स दिसेल." एकाने तर प्रेताची भूमिका दिली आणि तीही काढून घेतली. प्रेताला लोक हसतील म्हणाला.

आणि ॲड्रियन? दोघं एकाच नाट्यशाळेतून एकाच वर्षी बाहेर पडले. अडुसष्ट साली लँकेशरमधल्या गिरण्यांच्या एका गावात, एकाच नाटकसंचात, एकाच घरमालकिणीच्या एकाच खोलीत राहिले. दर आठवड्याला नवं नाटक. सकाळी पुढचं पाठ करायचं, संध्याकाळी चालू असलेलं करायचं. तेव्हा संचातला नायक गॉर्डन होता. बदली नट ॲड्रियन होता.

इथे सहीचं सांगायला हवं. नाटकाच्या मागच्या दाराशी भिंतीवर एक तक्ता असतो. पडदा उघडण्याआधी अर्ध्या तासाची हाक होते, त्याच्या आत प्रत्येक नटाने आपल्या नावापुढे सही केलेली असली पाहिजे. इंग्रजी रंगभूमीवर हा अर्धा तास पस्तीस मिनिटांचा असतो. का, ते कुणी विचारत नाही. हाक झाली आणि सही नसली, की तुम्ही राजे असा की सर असा, तुमचे कपडे बदली नटाच्या अंगावर चढतात. दुसऱ्याची सही करणं म्हणजे तर पाप. आग लागली तर याच कागदावरून माणसं मोजतात, म्हणून पकडला गेलेला त्याच दिवशी घरी जातो.

हे पाप गॉर्डनने त्या हिवाळ्यात पन्नासेक वेळा केलं. ॲड्रियन कुठेतरी दारू पिऊन, नाहीतर कुठल्याशा मुलीच्या खोलीत लोळत असायचा आणि गॉर्डन त्याच्या नावापुढे ते मोठं, शेपटीवालं 'व्हेल' काढून मोकळा व्हायचा. मैत्री होती.

मग गॉर्डनचे वडील वारले. अंत्यविधी उरकून तो हल गावाहून परत निघाला आणि डोंगरातल्या बर्फात गाडी अडकली. त्या संध्याकाळी लंडनचा एक सिनेमावाला खास गॉर्डनला पाहायला येणार होता. मधल्या स्टेशनावरून त्याने मागच्या दाराशी फोन लावला. ॲड्रियनच फोनवर आला. "माझी सही टाक. पडद्याच्या आत पोचतो." ॲड्रियन म्हणाला, "काळजीच करू नकोस, गॉर्डी." गॉर्डन पडद्याच्या आधी वीस मिनिटं धापा टाकत पोचला, तेव्हा ॲड्रियन त्याचा झगा घालून आरशासमोर बसला होता. सहीची जागा कोरी होती. "मॅनेजर तक्त्यापाशीच उभा होता रे," ॲड्रियन म्हणाला, "कशी करणार?" तीन महिन्यांनी तो सिनेमात होता.

गॉर्डनने मॅनेजरची गोष्ट खरी मानली. मानायला कष्ट पडले, पण मानली. आणि त्या रात्रीपासून त्याने एक गोष्ट जिवापाड जपली. ॲड्रियनकडे काय काय होतं! तीन बायका, 'सर' हा किताब, तलावाकाठचं घर. गॉर्डनकडे एवढंच होतं, की त्याच्या जागी मी असतो तर मी सही केली असती. आरशात दाढी करताना हे वाक्य त्याच्या फार उपयोगी पडे.

बुधवारी दुपारी अडीचचा प्रयोग होता. हाकेची वेळ दोनला पाच कमी. एक चाळीसला गॉर्डन मागच्या दाराने आत आला, आपल्या नावापुढे सही केली आणि खिशातला फोन वाजला.

"गॉर्डी, मी मेलो," ॲड्रियन म्हणाला. "व्हॉक्सॉल पुलावर अडकलोय. टॅक्सी इंचभर हलत नाही. पडद्याच्या आत येतो, पण हाकेला काही पोचत नाही. टाक की रे माझी सही. पूर्वीसारखी."

"टाकतो," गॉर्डन म्हणाला. तोंडातून आपसूक गेलं.

"देवमाणूस आहेस," ॲड्रियन म्हणाला आणि फोन बंद झाला.

तक्त्यावर सुतळीला पेन्सिल बांधलेली होती. दाराशी बसणारा रेज पेपरातलं कोडं सोडवत होता. एक पंचेचाळीस. गॉर्डन तक्त्यासमोर उभा राहून आगीच्या सूचना वाचू लागला. त्या त्याने सात महिने वाचल्या नव्हत्या. रेजने मान वर केली.

"काय हो लीथम, पाठ करताय का ते?"

"बघतोय आपलं."

"बघा, बघा. मी जरा किटली भरून आणतो. फोन वाजला तर घ्याल?"

रेज गेला. आता तिथे कुणी नव्हतं. मॅनेजर नव्हता, बर्फ नव्हतं. पेन्सिल हातात होती आणि ते शेपटीवालं 'व्हेल' बोटांना अजून येत होतं. दोन क्षणांचं काम. गॉर्डनने पेन्सिल नावापर्यंत नेली. मग त्याच्या मनात आलं की आग लागली तर? टॅक्सीत बसलेल्या माणसाला शोधायला बिचारे अग्निशामक दलाचे लोक जळत्या इमारतीत शिरतील. नियम काही उगीच नसतात. सबंध आयुष्यात कुठला नियम त्याला इतका मनापासून पटला नव्हता. त्याने पेन्सिल सोडली, ती सुतळीला लटकून भिंतीवर टकटक हलत राहिली, आणि तो जिना चढून माळ्याच्या खोलीत जाऊन बसला. बुटाची नाडी सोडायला गेला आणि तिची गाठ बसली.

दोनला पाच कमी असताना कर्ण्यावर हाक झाली. दोनच मिनिटांत फिलिपा दारात उभी राहिली. सगळ्या संचाची व्यवस्था ही बाई पाहायची आणि एरवी चहात साखर कमी पडली तरी तिचा आवाज चढायचा.

"ॲड्रियनची सही नाही," ती शांतपणे म्हणाली. "तू उतरतोयस, डार्लिंग. माळी आपला विंगेतला नील करेल."

"अरे देवा," गॉर्डन म्हणाला. ते त्याने बरं वठवलं.

कपडेपट सांभाळणारी विनिफ्रेड मालकाचे कपडे घेऊन आली. ॲड्रियन बांबूसारखा उभट, गॉर्डन पोटाने पुढे. पण पाटलोण कमरेला चपखल बसली. "नशीब," गॉर्डन म्हणाला. विनिफ्रेड तोंडात टाचण्या धरून खाली बघत राहिली. टाचणी एकही लागली नाही.

पडदा उघडला आणि गॉर्डन मालक होऊन बाहेर आला. तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी मैत्रिणीला सांगताना सगळ्यांना ऐकू आली. "अगं, हा तर सार्जंट पॉट्स!" हशा पिकला. मागून एकजण "नाव, पत्ता" म्हणाला आणि हशा पुन्हा पिकला. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. सरांना बघायला आलेली माणसं पैसे परत घेऊन चहाला गेली होती. गॉर्डनला ते सगळं दिसलं, ऐकू आलं, आणि त्याने पहिला अंक लाकडासारखा केला.

दुसऱ्या अंकात मात्र काहीतरी सुटलं. मालक बायकोला खोटं बोलतो, आणि ते खोटं बोलताना त्याला स्वतःची कीव येते. ॲड्रियन तिथे खिडकीकडे जाऊन पाठ फिरवायचा. गॉर्डन गेलाच नाही. तो जागच्या जागी उभा राहिला आणि लोकांकडे बघून खोटं बोलला. आज दुपारीच केलं होतं, ताजं होतं. थिएटरमधलं खोकणं थांबलं. तिसऱ्या अंकात कोट उतरवून नीलच्या हातात देताना त्याने तो क्षणभर सोडलाच नाही. पडदा पडला तेव्हा ती तिसऱ्या रांगेतली म्हातारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिच्यासाठी आता तिथे पॉट्स नव्हता.

गॉर्डन खोलीत येऊन तसाच बसला. चोरी केली होती, ती पचली होती, आणि चोरीचा माल अस्सल निघाला होता. लाज वाटत होती. पण त्याहून मोठं काहीतरी वाटत होतं. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने कुणाची वाट न बघता एक गोष्ट हिसकावून घेतली होती. तो स्वतःशी हसला. हे सुख वीस मिनिटं टिकलं असेल.

दार वाजलं आणि त्याची बायको मॉरीन काठी टेकत आत आली. तिचं कंबरेचं हाड दोन वर्षांपूर्वी बदललं होतं. ती घराच्या कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जात नसे.

"तू? इथे?"

"रडले रे मी," मॉरीन म्हणाली. "मला वाटलं होतं तू विसरशील मध्येच. एक शब्द नाही विसरलास."

"पण तू आलीस कशी?"

"गाडीने! ॲड्रियनने पाठवली ना, बारा वाजता. ड्रायव्हरने हात धरून बसवलं मला. काल फोन आला त्याचा. म्हणाला, गॉर्डीला सांगू नकोस, गंमत आहे. पोटात ठेवताना जीव चाललेला माझा."

"काल," गॉर्डन म्हणाला.

"हो, काल. आणि हे बघ, ठेवलंय जपून." तिने पर्समधून कार्यक्रमपत्रिका काढली. आत एक छापील चिठ्ठी होती. आजच्या दुपारच्या प्रयोगात मालकाची भूमिका गॉर्डन लीथम करतील. "फ्रेम करणार आहे मी. पावणेदोनला दारं उघडली, तेव्हा पहिली मलाच मिळाली. त्या मुलीला म्हटलं, हा माझा नवरा."

पावणेदोन. पावणेदोनला तो आगीच्या सूचना वाचत होता. चिठ्ठी हातात धरून गॉर्डन बसून राहिला. पाटलोण कमरेला चपखल बसली होती.

"काय झालं रे? चेहरा का पडला?"

"दमलोय," तो म्हणाला. "बस तू. आलोच."

एक नंबरच्या खोलीत सर ॲड्रियन व्हेल सोफ्यावर पाय पसरून अंड्याचं सँडविच खात होता. गॉर्डनला पाहून त्याने दोन्ही हात पसरले. एका हातात सँडविच होतं.

"मागून उभं राहून पाहिलं सगळं. दुसरा अंक! हलकटा, मला सात महिन्यांत जमला नाही तो."

"व्हॉक्सॉल पुलावर होतास ना?"

ॲड्रियनने सँडविच खाली ठेवलं.

"खरं काय ते," गॉर्डन म्हणाला.

"सार्जंट पॉट्स!" ॲड्रियन हसला. गॉर्डन हसला नाही. मग ॲड्रियनही थांबला. "बरं. कोपऱ्यावरच्या कॅफेत होतो. तिथून मागच्या दारातून तक्ता दिसतो. सरळ दिलं असतं तर घेतलं असतंस का तू? म्हणाला असतास, तुझी भीक नको. तू तसाच आहेस, मानी. म्हणून फिलिपाला म्हटलं, त्याला चोरू दे."

"चिठ्ठ्या?"

"सकाळीच छापल्या."

"आणि मी सही केली असती तर?"

"नसती केलीस."

"पण केली असती तर?"

ॲड्रियनने तोंड पुसलं. त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणा अजिबात नव्हता, तेच गॉर्डनला सहन होईना. "नसती केलीस रे, गॉर्डी. मी तरी कुठे केली होती? तिथे मॅनेजर नव्हता. कुणीच नव्हतं. मी आणि ती पेन्सिल. इतकी वर्षं मला वाटायचं, गॉर्डी असता तर त्याने केली असती. झोप लागायची नाही कधी कधी. आज तिथे खिडकीतून बघितलं, तू जिन्याकडे वळलास, आणि खरं सांगू? फार हलकं वाटलं मला. फिटलं आपलं. आता तू आणि मी सारखे."

गॉर्डनने तोंड उघडलं. त्याला शिवी द्यायची होती, पण कशाबद्दल, हे सापडेना. माणसाने त्याला हवं ते दिलं होतं. बायकोला गाडीने आणलं होतं. कमरेचं मापसुद्धा विचारून ठेवलं होतं. आणि जाता जाता आरशातलं ते एक वाक्य काढून घेतलं होतं. आता उद्या दाढी करताना काय म्हणायचं?

"सँडविच खाणार?" ॲड्रियनने विचारलं.

"नको," गॉर्डन म्हणाला.

संध्याकाळच्या प्रयोगाला सर ॲड्रियन व्हेल हाकेच्या चांगली दहा मिनिटं आधी तक्त्यापाशी आला, शेपटीवाली सही केली आणि मागे उभ्या गॉर्डनच्या हातात पेन्सिल दिली. गॉर्डनने आपल्या नावापुढे सही केली. रेज म्हणाला, "दुपारी झकास केलंत म्हणे." गॉर्डन म्हणाला, "म्हणे."

गुलाबांना कीड लागली. पाऊस येणारसं दिसलं. बाईसाहेब मागच्या दाराने गेल्या. थिएटर खचाखच भरलं होतं, एक खुर्ची रिकामी नव्हती. मॉरीनला ॲड्रियनने दुसऱ्या रांगेत बसवलं होतं.

तिसऱ्या अंकात मालकाने कोट उतरवला. दुपारी तो गॉर्डनच्या अंगावर होता, त्याच्या घामाने काखेत अजून दमट होता. ॲड्रियनने तो पुढे केला.

"घे. मला आता होत नाही."

गॉर्डनने कोट घेतला आणि टोपी काढली. पुढे बोलायचं होतं ते त्याला ठाऊक होतं. दोनशेच्या वर वेळा तो ते बोलला होता. तो ॲड्रियनकडे बघत उभा राहिला. विंगेतून नीलने हळूच वाक्य सांगितलं. गॉर्डन गप्प. ॲड्रियनच्या कपाळावर रंगाच्या खाली घाम फुटला, त्याचे डोळे एकदा प्रेक्षकांकडे आणि एकदा विंगेकडे गेले, आणि त्या डोळ्यांत गॉर्डनने चक्क भीती पाहिली. न बोलता निघून जाता आलं असतं. कोट खाली टाकता आला असता. खरं काय ते सांगता आलं असतं, एक हजार माणसांसमोर.

"मोठी मेहेरबानी, साहेब," गॉर्डन म्हणाला.

कुठेतरी मागे एका बाईने हुंदका दिला, आणि मग टाळ्या आल्या. चार वाक्यांच्या माळ्यासाठी, सात महिन्यांत पहिल्यांदा. पडदा पडल्यावर नमस्काराला उभं राहताना ॲड्रियनने त्याचा हात घट्ट धरला, प्रेक्षकांकडे बघून हसत वाकला आणि वाकता वाकता त्याच्या कानाशी म्हणाला,

"मध्ये विराम घेतलास ना, तो फार सुंदर होता. उद्याही ठेव."

नाटक बंद होईपर्यंत गॉर्डनने तो ठेवला.